बिननावाच्या पाकिटातला मका

बाई,

मक्याची गोष्ट मी आजवर किती वेळा सांगितली असेन, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तुझ्या रंजनाच्या साखरपुड्यात सांगितली, तिच्या लेकाच्या बारशाला सांगितली, बल्लारपूरला माझ्या घराच्या वास्तुशांतीला तर चालू पंगतीत उभा राहून सांगितली. कुणीतरी म्हणायचं, "सांग ना बे, ते कोंबड्याइची," आणि मी जणू त्याचीच वाट पाहत असल्यासारखा बाह्या सरसावायचो. तू तिथेच कुठेतरी वाढत असायचीस, नाहीतर उष्ट्या पत्रावळ्या उचलत. गोष्ट तीच, हसायच्या जागा त्याच. आणि दरवेळी मी त्यातलं एक वाक्य गाळायचो. ते वाक्य माझं होतं.

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. आता ते वाक्य सांगून कुणाचं काही भलं होणार नाही, हे मला कळतं. तरी लिहितो. बोलायला बसलो की माझ्या तोंडातून गंमतच बाहेर पडते, निदान हातातून तरी दुसरं काही उतरतं का पाहतो.

तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, म्हणून तू बाई. मी बाबू. पन्नाशी उलटली, डोक्यावर ऊन थेट पोचू लागलं, तरी बाबूच. कोरपन्याजवळच्या तुझ्या गावात मात्र मी बाबू नव्हतो, सायंटिस्ट होतो. "माहा भाऊ बल्लारपूरले कॉलेजात सायंसमधी हाय," हे तू इतक्यांना सांगितलं होतंस, की मी गावात आलो की लोक मला कपाशीवरची पानं आणून दाखवायचे. मी पान उलटंसुलटं करून "हं" म्हणायचो. कॉलेजात मी प्रयोगशाळेत काम करतो हे खरं, पण काम परीक्षानळ्या धुण्याचं. हे गावाला कधी कळलं नाही. तुला कळलं होतं.

तू डोळे तपासायला बल्लारपूरला आली होतीस आणि मला न सांगता थेट कॉलेजात आलीस. मी मोरीवर उभा, बाह्या वर, हात फेसात, आणि अकरावीतली एक पोरगी मला सांगत होती, "काका, ही बाटली तुम्ही नीट नाही धुतली." मी वळून पाहिलं तर दारात तू. मी तुला स्टँडजवळ तर्री-पोहे खाऊ घातले आणि वाट पाहत बसलो, की आता ही काय म्हणते. तू पोहे संपवलेस, पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "पानी लय थंडं राहते का रे तिथलं? हात पाह्य कसे झाले." बस. पुढच्या रविवारी मी गावात आलो, तर ओट्यावरचा एक म्हातारा बाजूला सरकून मला जागा देत म्हणाला, "या सायंटिस्ट." तू एका शब्दानेही मला खाली उतरवलं नव्हतंस.

तेव्हाच तुला म्हणायला हवं होतं, की बाई, माझ्यावर एवढा भरवसा ठेवू नकोस. पण ओट्यावरची ती जागा सावलीत होती.

आता मूळ गोष्ट. गोष्टीत मी तुझ्या थेंबांवर फार हसायचो, म्हणून आधी ते नीट लिहितो. मानमोडी म्हणजे कोंबड्यांची मान पिळवटून टाकणारा रोग. एकदा गावात शिरला की खुराडीच्या खुराडी रिकामी करतो. त्यावर लस आहे, डोळ्यात एक थेंब टाकायचा. ते शिकून आलेली तुमच्या गावात तू एकटी. दर तीन-चार महिन्यांनी तू तालुक्याहून बर्फाच्या थर्मासात ती बाटली आणायचीस आणि दुसऱ्या दिवशी कोंबड्या खुराड्यातून सुटायच्या आत घराघरात जायचीस. एका हातात कोंबडी, तिचं डोकं आडवं, वरच्या डोळ्यात थेंब, आणि ती डोळा मिटेपर्यंत तू तिच्याकडे बघत थांबायचीस. बर्फ विरघळायच्या आत चाळीस घरं. परत यायचीस तेव्हा कोपरापर्यंत ओरखडे असायचे.

अशाच एका रविवारी, उन्हाळ्याच्या तोंडावर, मी जेवायला आलो होतो. तू ओरखड्यांना हळद चोळत बसली होतीस आणि सांगत होतीस, की अर्ध्या बाया आदल्या दिवशी सांगूनही कोंबड्या कोंडून ठेवत नाहीत, मग तुला आंब्याखाली उभं राहून झाडावरच्या कोंबडीची मनधरणी करावी लागते. मला तुझी कीव आली. कीव आली की मला काहीतरी सांगावंसं वाटतं. त्या आठवड्यात मी एका मासिकात वाचलं होतं, की परदेशात असा मका तयार करून राहिले आहेत, ज्याच्या दाण्यातच मानमोडीची लस असेल. कोंबडीनं दाणा टिपला की तिच्या अंगाला रोगाची ओळख पटणार.

"म्हंजे मक्यात दवाई मिसळून देते?" तू विचारलंस.

"मिसळून नाई. पीकच तसं. पेरला का दवाईसकट उगवते."

"आन मंग हे थेंब?"

"थेंब गेले. तू पाटावर बसून दाने फेकजो."

तू हळद चोळायची थांबलीस. "पन लेकरं भुट्टे भाजून खातेत ना रे. त्याइच्या आंगात गेली दवाई तं?"

फार चांगला प्रश्न होता, बाई. त्या मासिकातही तो होताच. मी म्हणालो, "तं लेकराइले बी मानमोडी होनार नाई." भाऊजी खाटेवर पडल्या पडल्या हसले. तूही हसलीस.

मासिकातला शेवटचा परिच्छेद मी तुला सांगितला नाही. त्यात लिहिलं होतं, की हे सगळं अजून प्रयोगशाळेतच आहे, आपल्या देशात त्याला परवानगी नाही, आणि उद्या आलाच तरी थेंब बंद करता येतील की नाही ते कुणालाच ठाऊक नाही. मी तो वाचला होता. चांगला आठवत होता. पण तू हातातली हळद विसरून माझ्याकडे पाहत होतीस, आणि तो परिच्छेद सांगितला असता तर गोष्ट तिथेच बसली असती. म्हणून "कुठी भेटते?" असं तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, "येऊनच राह्यला समज."

जून महिन्यात तुझा फोन आला. आमच्याकडे पुरवणी परीक्षेची प्रात्यक्षिकं चालू होती, टेबलाभोवती दहा-बारा पोरं. तू बाजारात उभी होतीस. सायकलच्या दुकानापाशी एक माणूस मोटारसायकलवर थैली ठेवून मका विकत होता. कोंबड्यांना रोग होत नाही, असं सांगत होता.

"बाबू, तू म्हनलं होतं तो मका आला."

"आला का?"

"पन पाकिटावर काईच लिहून नाई रे. नाव नाई, गाव नाई. घेऊ का?"

आणि मी म्हणालो, "चांगल्या मालावर नाव कुठं राहते, बाई? नाव तं खराब मालाले लागते."

हेच ते वाक्य. दहा-बारा पोरं खदखदून हसली. मी फोन खिशात टाकला आणि मला दिवसभर बरं वाटत राहिलं.

दुसऱ्या मुलखातल्या माणसाला वाटेल, एवढ्यावरून कुणी बियाणं घेतं का? कापसाच्या मुलखातच घेतं. बोंडअळी न लागणारी कपाशी तुमच्याकडे पहिल्यांदा आली ती अशीच, कोऱ्या पाकिटात, कुणाच्या तरी थैलीतून. ज्यांनी नावाची वाट पाहिली ते मागे राहिले आणि दुसऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभे राहून बोंडं बघत बसले. तेव्हापासून पाकीट कोरं असलं, की तुमच्याकडचा माणूस त्याला खोटं नाही, नवं समजतो. तू काही भोळी नव्हतीस. तू पाहिलेल्या दुनियेप्रमाणे नीट विचार केलास, शंका आली तर घरातल्या सायंटिस्टला विचारलंस, आणि मगच पाकीट घेतलंस. तुझ्या बाजूने काहीही चुकलं नव्हतं. पंगतीत मी हे कधीच बोललो नाही.

मका छान आला. वाडीत कुंपणालगत तू लावला होतास, माणसापेक्षा उंच. पोरांना तू एकही कणीस तोडू दिलं नाहीस. भुट्ट्याची शंका तुझ्या मनातून गेली नव्हती, आणि माझ्या विनोदावर तू हसली असलीस तरी त्याला उत्तर मानलं नव्हतंस. दिवाळीच्या आगेमागे दाणे निघाले. थेंबांची पाळी आली तेव्हा तू बायांना म्हणालीस, "या बारीले राहू द्या. मका खाऊ घाला." आणि ज्यांच्याकडे तुझ्या तलंगा बटईनं होत्या, म्हणजे कोंबडी तुझी, सांभाळायची त्यांनी आणि पिल्लं निम्मी निम्मी, त्या बायांना तू पायली-पायली मका वाटून आलीस. फुकट.

संक्रांतीनंतर मानमोडी आली.

यापुढचा भाग मी फार रंगवून सांगायचो. कोंबडा कसा उलटा चालायचा, मान पाठीवर टाकून आभाळाकडे पाहत कसा गोल गोल फिरायचा, त्याची नक्कल करायचो मी. धोतर नसताना धोतर सावरून. लोकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. प्रत्यक्षात मी काही पाहिलं नव्हतं. मी आलो तेव्हा तुझं खुराडं रिकामं होतं आणि तू राख पसरत होतीस. नक्कल मी ऐकीव माहितीवर बसवली होती.

मी आल्यावर थोड्याच वेळात शेजारची बेबीबाई आली. तुझ्या दोन तलंगा तिच्याकडे होत्या, पण तिने आणला तो तिचा स्वतःचा कोंबडा, पोरीच्या बाळंतपणासाठी राखून ठेवलेला. तो तिने तुझ्या ओट्यावर ठेवला.

"घे बाई. दवाई खाऊन मेला."

ती जाता जाता माझ्याकडे वळली. "सायंटिस्ट आले वाटते. पाहा जी, याच्या पोटात सायंस असन तं."

तेव्हा तू एवढंच म्हणायला हवं होतंस, की "यानंच सांगतलं." मी वाट पाहत होतो. हात मांडीखाली दाबून बसलो होतो. तू म्हणालीस, "बेबे, चूक माहीच हाय. मी थेंब बंद करायले नोको होते." बेबीबाई गेली. तू कोंबडा उचललास आणि वाडीत खड्डा करायला गेलीस. मी मागून आलो तर म्हणालीस, "तू बस. उन्हाचा आला तू."

त्या दिवशी निघताना तू मूठभर दाणे पुडीत बांधून दिलेस. "तुह्या कॉलेजात पाह्य बरं, खरा होता का."

पाहिलं मी. आयोडीनचा थेंब टाकला, दाणा निळा झाला. कोणताही दाणा होतो, बाई. भाताचा, ज्वारीचा, लोकांनी भाजून खाल्लेल्या भुट्ट्याचा. निळा रंग म्हणजे दाण्यात स्टार्च आहे एवढंच, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. आणि मी तुला फोन करून म्हणालो, "टेस्ट केली. नकली निंगाला. फसवलं त्यानं तुले."

तू विचारलंस, "खरा असता तं वाचल्या असत्या का?"

"वाचल्या असत्या," मी म्हणालो.

एक खोटं झाकायला दुसरं. कारण असा खरा मका बाजारात नव्हताच. मोटारसायकलवाला लबाड होता, पण त्याची लबाडी चालायला जागा मी करून दिली होती. तुला मी तेवढं मोकळेपणाने सांगितलं असतं, तर तू रागावली असतीस, महिनाभर बोलली नसतीस, आणि संपलं असतं. त्याऐवजी मी तुला एका न आलेल्या मक्याची वाट पाहत ठेवलं.

मग आपलं भांडण सुरू झालं. ते आता अर्धंच राहिलं. तू म्हणायचीस, नकली मिळाला म्हणून काय झालं, खरा कधी येते ते पाह्य. आणि मी आपलं पाप झाकायला अचानक अशा मक्याच्याच विरोधात गेलो. निसर्गात ढवळाढवळ बरी नाही, असं काहीबाही बोलायला लागलो. तू माझ्या सदऱ्याकडे बोट दाखवलंस. "हा आंगात घातला तो कोन्या निसर्गातला होय? बोंडअळी न लागनाऱ्या कपाशीचाच असन ना?"

"कापूस खात नाई कोनी," मी म्हणालो.

"सरकीची ढेप ढोरं खातेत. दूध तू पेते."

मग मी जरा खरं बोलायला लागलो, पण तेही जिंकण्यासाठी. म्हणालो, दाण्यात लस असली तर कोणती कोंबडी किती टिपते ते कोण पाहणार? दांडगा कोंबडा पोटभर खाणार, कोपऱ्यातल्या पिल्लाला चार दाणे, आणि तेच आधी मरणार. वाऱ्यानं पराग शेजारच्या मक्यावर गेला, की त्याची पोरं काय खात आहेत ते त्यालाही कळणार नाही. थेंबाचं बरं असतं, एक कोंबडी, एक डोळा, एक थेंब, आणि पाहणारं माणूस समोर.

तू लक्ष देऊन ऐकलंस. म्हणालीस, "हे बराबर हाय." मग विचारलंस, "हे सारं तुले पहिल्यापासून मालूम होतं?"

मी म्हणालो, "नंतर वाचलं."

आणि लगेच विषय बदलून भाऊजींच्या घोरण्याची काहीतरी गंमत केली.

तू मात्र पुन्हा बर्फ आणलास. पहिल्या पाळीला चाळीसपैकी अकरा घरांनी दार उघडलं. तू परत आलीस तेव्हा बाटलीत लस उरली होती, आणि ती तू ओतून टाकलीस, असं रंजनाने मला सांगितलं. बेबीबाईनं वर्षभर तुला आवारात घेतलं नाही. एका सकाळी तिने आपणहून कोंबड्या कोंडून ठेवल्या आणि तुला हाक मारली. ते तू मला फोनवर सांगितलंस, मुलगी पास झाल्यासारखं. तुझं गेलेलं नाव तू घरोघर जाऊन परत आणलंस. आणि त्याच वर्षी मी साखरपुड्यात तुझी गोष्ट सांगून ते हसण्यावारी नेत होतो. माझ्या गोष्टीत एक भोळी बहीण होती, एक लबाड विक्रेता होता आणि एक उलटा चालणारा कोंबडा होता. मी स्वतः फक्त शेवटी यायचो, आयोडीन घेऊन, शहाणा म्हणून.

तू एकदाच मध्ये बोललीस. बारशाला. मी म्हणालो, "सोळा कोंबड्या पटापट," आणि तू ताटात भात वाढता वाढता म्हणालीस, "सोळा नाई, एकोनीस." लोकांना तीही गंमत वाटली. मला वाटलं, आता ही पुढचंही बोलणार. तू वरणाचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे गेलीस. त्यानंतर मी नेहमी एकोणीस सांगायचो.

मी ठरवलं होतं, येत्या दिवाळीला तुला एकटीला गाठून बोलायचं. ठरवलं होतं हे खरं आहे. पण मागच्या चार दिवाळ्यांनाही ठरवलंच होतं. तू मध्येच छातीवर हात ठेवलास आणि गेलीस. भाऊजी सांगत होते, फक्त "जरा टेकते" म्हणालीस.

तेरवीचं जेवण झालं. सगळे मांडवात बसले होते, जड झालेले. तुझ्या चुलत दिरानं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बाबू, सांग ना गा ते मक्याची. बाईची याद म्हनून." भाऊजींनीही मान हलवली. मी उठलो आणि मनाशी पक्कं केलं, की आज नक्कल करायची नाही, आज सगळं सांगायचं. आणि सांगितलं, बाई. मासिकाचा शेवटचा परिच्छेद सांगितला. फोन सांगितला. "चांगल्या मालावर नाव कुठं राहते" हे जसंच्या तसं सांगितलं. आयोडीननं काय कळतं आणि काय नाही, ते सांगितलं. मी परीक्षानळ्या धुतो, हेसुद्धा गावासमोर सांगून टाकलं.

लोक पोट धरून हसले. इतके त्या गोष्टीवर कधी हसले नव्हते. बेबीबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. भाऊजी डोळे पुसत म्हणाले, "या बारीले लय रंगवलं रे तू." मी म्हणालो, "भाऊजी, खरंच सांगून राह्यलो. बाईनं थेंब माह्यामुळं बंद केले." तर आणखी एक लाट आली हशाची. रंजना हसता हसता रडायला लागली आणि मला म्हणाली, "मामा, पुरे ना आता. तुम्ही बी कायबी सांगता."

मी खाली बसलो. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.

माझं बोलणं अक्षरन् अक्षर खरं धरणारं माणूस या खानदानात एकच होतं, आणि त्याने ते धरलं तेव्हा मी खोटं बोलत होतो.